हिरव्या बटणाची काठी

सासऱ्याच्या पैशाने घेतलेलं यंत्र दाराला लावून झालं, त्या दिवशी जावईबापूंनी आम्हा सगळ्यांना बोळात उभं केलं आणि कार्ड यंत्राला कसं टेकवायचं ते शिकवलं. आधी सुलटं टेकवून दाखवलं, मग उलटं. उलटं टेकवल्यावरही दार उघडलंच. त्यावर ते म्हणाले, "पण टेकवायचं सुलटंच." अशा माणसाच्या हाती आमची लॅब आहे.

आम्ही दात बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात, साच्यावर मेणाचा दात कोरतात आणि शेवटी मेणाच्या जागी धातू किंवा चिनी माती येते. मेणाचं काम माझं. मालक म्हणजे मोठे डॉक्टर. पूर्वी ते स्वतः लोकांचे दात काढायचे, आता सकाळी येऊन खुर्चीत बसतात आणि समोरचा चहा थंड होऊ देतात. सगळा कारभार जावयाने हातात घेतलाय. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणतो, मागे जावईबापू.

आता ते दार. लॅबच्या मागच्या बाजूला एक बोळ आहे. बोळात भट्टीची खोली, त्या खोलीत धातूचं कपाट, कपाटात सोन्याचा डबा. दाताला सोन्याची टोपी बसवून मिरवणारे लोक अजून आहेत, म्हणून तो डबा आहे. त्याच बोळाच्या टोकाला बायकांचं टॉयलेट. कोणीही शहाण्या माणसाने यंत्र भट्टीच्या खोलीला लावलं असतं. पण यंत्रवाल्याने सांगितलं की बोळाच्या तोंडाला दार केलं तर अख्खा बोळ 'सुरक्षित क्षेत्र' होईल. जावईबापूंना तो शब्द इतका आवडला, की सोनं आणि बायकांचं टॉयलेट एकाच बंदोबस्तात गेलं. पुरुषांचं जिन्यापाशी आहे, तिथे वाटेल त्याने जावं. तिथे चोरण्यासारखं काही नाही ना!

वर आणखी अक्कल पाजळली ती अशी, की दाराला यंत्र आलं म्हणून कपाटाचं जुनं कुलूप काढून टाकलं. "डबल काम कशाला?" म्हणे.

कार्डं चौघांनाच मिळाली. मोठे डॉक्टर, जावईबापू, भट्टीवाले काका आणि माझी नणंद. नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, लॅबमध्ये सगळ्यांची ताई. ती चिनी मातीचे थर चढवते, दाताची छटा जुळवते आणि काकांच्या बरोबरीने सोन्याचा हिशेबही सांभाळते. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहते. मला ही नोकरी तिनेच लावून दिली आणि ते ती कधी बोलून दाखवत नाही, ह्याचासुद्धा मला राग यायचा. सगळं सरळ रेषेत करणारी बाई. फडक्याची घडी मोडली तर पुन्हा घालणारी.

बाकी आम्ही बायकांनी काय करायचं? तर जावईबापूंच्या केबिनमध्ये जाऊन कार्ड मागायचं. बाईमाणूस दारात उभं राहून "सर, कार्ड..." म्हणतंय आणि हे फोनवर बोलत बोलत बोटाने "थांबा" करतायत. आमची प्लास्टरवाली एकदा तशी थांबली आणि नंतर रडत घरी गेली. ताईने दोनदा जाऊन सांगितलं की सगळ्यांना कार्डं द्या. उत्तर आलं, "कार्डं वाटत सुटलो तर सिक्युरिटी कसली?" मग ताईच उठून दार उघडून द्यायची. पण हातातलं काम टाकून ती येणार, आणि मी तिला "ताई, जरा येता का?" म्हणणार! घरी तिची आई मला काय कमी बोलते, की इथे मी तिच्यापुढे हात जोडू?

गरज माणसाला सगळं शिकवते, जावईबापू सोडून. दाराशेजारी भिंतीत जेवणाच्या ताटाएवढी एक खिडकी होती, साच्यांचे ट्रे भट्टीकडे सरकवायला. आतून बाहेर यायला कार्ड लागत नाही, आत भिंतीवर एक हिरवं बटण आहे, ते दाबलं की दार सुटतं. आणि यंत्रवाल्याने ते बटण लावलं होतं त्या खिडकीच्या बाजूलाच. खिडकीतून हात घातला तर बटण जेमतेम हुकायचं. हातात फूटपट्टी घेतली तर हुकायचं नाही. एवढ्या खर्चाच्या यंत्राची किंमत एक फूटपट्टी!

पट्टी मात्र गुळगुळीत बटणावरून निसटायची. प्लास्टरवालीचं मनगट खिडकीच्या कडेला सोलून निघालं. मग एके दिवशी पाण्याच्या मशीनमागे एक काठी दिसली. बेताच्या लांबीची, तासलेली, टोकाला काळं जाड रबर बसवलेलं. रबर बटणावर टेकलं की निसटणं नाही, आवाज नाही. कोणी आणली ते कोणी विचारलं नाही. आम्ही समजलो, आपल्यातल्याच कोणीतरी. तेव्हापासून आमचं उत्तम चाललं होतं. बटण दाबायचं, दार ढकलायचं, काठी मशीनमागे. यंत्राला ह्याचा पत्ता नाही आणि जावईबापू तर यंत्राच्याच डोळ्यांनी बघतात.

आणि मग सोनं गेलं.

भट्टीवाले काका सुट्टीवर गेले होते. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं, गाव डोंगरात, तिथे फोन लागत नाही. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डब्याचं वजन करून लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका डॉक्टरांचं घाईचं काम आलं, म्हणून ताई कार्ड टेकवून आत गेली. कपाट उघडलं तर डबा नाही. तीच धावत येऊन म्हणाली, "डबा नाहीये."

जावईबापूंनी लगेच कॉम्प्युटर उघडला. काकांनी वजन केल्यापासून त्या दारातून कोण कोण आत गेलं, ते यंत्राला विचारलं. यंत्राने एकच नाव सांगितलं. ताईचं. आम्ही बाकीच्या सकाळपासून तिथे येरझाऱ्या घालत होतो, पण आम्ही कुठे कार्डाने गेलो होतो! त्या अख्ख्या लॅबमध्ये जी एकटी नियमाप्रमाणे आत गेली, तेवढीच पकडली गेली. ज्याने नियम पाळला नाही तो ह्या यंत्राला दिसतच नाही, आणि असल्या यंत्राला हे लोक चौकीदार म्हणतात.

केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे चौकशी आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

"कार्ड कोणाला दिलं होतं का?"

"नाही."

"कार्डाशिवाय आत जायचा दुसरा काही मार्ग आहे?"

ताई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "नाही."

"म्हणजे तुम्हीच."

"मी आत गेले होते. डबा मी घेतला नाही."

त्यांनी तिचं कार्ड काढून घेतलं आणि घरी बसायला सांगितलं. सोमवारपर्यंत सोनं आलं नाही तर पोलिसांत देणार आणि शहरातल्या सगळ्या लॅबना कळवणार, म्हणजे पुन्हा कोणी दारात उभं करायला नको. ताईने टेबलावरचे ब्रश धुतले, उलटे करून वाळत ठेवले आणि पिशवी घेऊन निघाली. मी मेणाच्या दातावर मान घालून बसले होते.

घरी ही बाई गप्प. मी भांडीच आपटली शेवटी. "ताई, बोलत का नाही तुम्ही? आयुष्यभराचं नाव मातीत जातंय!"

"यंत्रात माझंच नाव आहे," ती म्हणाली. "मी गेले होतेच ना."

"यंत्राला काय कळतंय?"

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. मग भाजी निवडायला बसली. मला वाटलं, हिला बिचारीला काही ठाऊकच नाही. अक्कल गहाण ठेवून यंत्रावर विश्वास ठेवणारी ही दुसरी. आतल्या खोलीतून सासूबाई आल्या, ठक ठक ठक. त्यांच्या काठीचं खालचं रबर मध्यंतरी हरवलं होतं. तेव्हापासून त्या घरभर ठकठकत आणि घसरत फिरायच्या, आणि प्रत्येक घसरणीला माझा उद्धार व्हायचा. "केरात लोटलं असणार हिने. बघून झाडेल तर शपथ." त्या दिवशीही घसरल्या आणि म्हणाल्याच. नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू ह्यात पडू नकोस. एकीची नोकरी गेली, दुसरीची तरी राहू दे." सख्खा भाऊ हा तिचा.

दुसऱ्या दिवशी मी बायकांना टॉयलेटमध्ये जमवलं. अर्थात काठीने दार उघडूनच. म्हटलं, "आपण सगळ्याजणी जाऊन सांगू, की दार कोणालाही उघडता येतं. मग एकट्या ताईवर आळ राहणार नाही."

सगळ्यांनी एकदम फरशीकडे बघितलं. प्लास्टरवाली म्हणाली, "आणि आपल्याला काढलं तर?" पॅकिंगवाली म्हणाली, "काठी जाईल ती जाईलच." तिसरी म्हणाली, "ताईंना देव बघून घेईल." देवाला एवढा वेळ असता तर त्याने आधी ते दार नीट लावून घेतलं असतं. तीच काठी धरून रोज आत येणाऱ्या ह्या बायका, आणि आता बोलायची वेळ आली तर सगळ्या मूग गिळून उभ्या. त्यांना शिव्या घालायला माझंही तोंड नव्हतं. आदल्या दिवशी केबिनसमोर मीही तेच केलं होतं.

दुपारी यंत्रवाला आला, टाय लावून. जावईबापूंनी त्याला 'रिपोर्ट' द्यायला बोलावलं होतं. मोठ्या डॉक्टरांनाही खुर्चीतून उठवून आणलं. बोळाच्या दाराशी उभं राहून यंत्रवाला सांगत होता, "सर, ह्या दारातून कार्डाशिवाय मुंगीसुद्धा आत जाऊ शकत नाही. गॅरंटी आहे."

माझं टाळकं सटकलं. मी मेणाची सुरी खाली ठेवली, पाण्याच्या मशीनमागून काठी काढली, तिघांच्या मधून वाट काढली, खिडकीत हात घातला आणि बटण दाबलं. दार सुटलं. मी आत गेले, बाहेर आले, आणि दार पुन्हा लागलं. यंत्राचा लाल दिवा शांतपणे लाल होता.

"मुंगी नाही गेली," मी म्हटलं. "मी गेले."

यंत्रवाला टाय चाचपत म्हणाला, "ही चुकीची पद्धत आहे, मॅडम."

"चोर बरोबर पद्धतीने येतो वाटतं?"

जावईबापूंचा चेहरा त्या दिव्यासारखा झाला. "हे कधीपासून चालू आहे? आणखी कोणाला माहीत आहे?"

मी मागे वळून बघितलं. मग प्लास्टरवालीने सोललेल्या मनगटाचा हात वर केला. तिच्यामागे पॅकिंगवालीने. मग सगळ्यांनी. ठसे घेऊन येणारा कुरिअरवाला दारात उभा होता, त्यानेही केला. आणि मग मोठे डॉक्टर खाकरले. म्हणाले, "मी कार्ड घरी विसरतो कधी कधी. काठी चांगली आहे."

एवढं झाल्यावर माणसाने काय म्हणावं? चूक झाली म्हणावं. जावईबापू म्हणाले, "म्हणजे आता सगळेच संशयित!" मला नोटीस मिळेल असं जाहीर झालं, काठी 'पुरावा' म्हणून त्यांच्या टेबलावर गेली. आणि संध्याकाळच्या आत गवंडी बोलावून त्यांनी ती खिडकी विटांनी बुजवून घेतली. बटणाची जागा बदलायची, सोनं कुलपात ठेवायचं, बायकांना कार्डं द्यायची, ह्यातलं काही नाही. भिंत बांधली.

सोमवारी सकाळी भट्टीवाले काका पेढ्यासारखं तोंड करून आले, नातू झाला म्हणून. साच्यांचा ट्रे उचलून खिडकीशी गेले आणि ओल्या भिंतीसमोर ट्रे धरून उभे राहिले.

"खिडकी कुठे गेली?"

त्यांना सगळं सांगितलं. काका ऐकत गेले, तसतसा त्यांचा जबडा खाली येत गेला. "अहो, डबा कुठे जातोय? प्लास्टरच्या पिंपात आहे, तळाला!"

पिंप उपसलं. पांढऱ्या भुकटीत पिशवीत बांधलेला डबा निघाला, वजनाला तंतोतंत.

"न सांगता हलवलात कसा?" जावईबापू ओरडले.

काका तसे कोणाला उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "कपाटाचं कुलूप तुम्ही काढलंत. दार काठीने उघडतं. सुट्टीवर जाताना तिथे सोनं सोडून जायला मी काय वेडा? आल्यावर परत ठेवणारच होतो. मध्येच घाईचं काम येईल हे मला काय माहीत? आणि मला विचारलं कोणी?"

"यंत्रात तुमचं नाव नव्हतं."

"बाहेर जाणाऱ्याचं नाव यंत्र लिहितच नाही, साहेब. डबा घेऊन मी बाहेर आलो. आत नाही गेलो."

तोवर भट्टी तापली होती आणि ट्रे न्यायला खिडकी नव्हती. काकांनी प्लास्टरची एक गोणी ओढत आणली, बोळाचं दार सताड उघडलं आणि गोणी टेकवून ठेवली. दार उघडं राहिलं म्हणून यंत्र किंचाळायला लागलं. जावईबापू स्वतः खुर्चीवर चढले आणि त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. त्या यंत्राला त्यांनी दिलेला तो पहिला शहाणा हुकूम.

ताईला फोन गेला. दुपारी ती आली ती त्याच उघड्या दारातून, गोणी ओलांडून. सगळी लॅब काम सोडून उभी. जावईबापूंनी घसा साफ केला.

"गैरसमजातून झालं. हे तुमचं कार्ड."

ताईने कार्ड घेतलं. "ती काठी पण द्या," ती म्हणाली.

"कुठली काठी?"

"तुमच्या टेबलावर आहे ती. तिचं रबर माझ्या आईच्या काठीचं आहे. घरी ती रोज घसरते."

मी मेणाचा दात हातात धरून होते. तो बोटांत चेपला गेला तेव्हा मला कळलं.

"काठी तुम्ही...?"

"मी केली. पोरी पट्टीने दाबायच्या, हात सोलून घ्यायच्या. बघवेना."

"आणि मी सरळ विचारलं, तेव्हा म्हणालात की दुसरा मार्गच नाही!" जावईबापू खरोखरच गोंधळले होते. "अहो, एवढं सांगितलं असतंत तर तुमच्यावरचा आळ तिथेच गेला असता."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?" ताईने विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर आपोआप भिंतीकडे गेली, त्या अजून न वाळलेल्या चौकोनाकडे. आम्हीही सगळ्यांनी तिकडेच बघितलं. प्लास्टरवालीने पदरात तोंड लपवलं.

मला इतकी लाज वाटली, की जावईबापूंचा तिरस्कार करायलाही जीव राहिला नाही. ती केबिनमध्ये उभी राहून आमच्यासाठी "नाही" म्हणाली होती, आणि मी चार हातांच्या अंतरावर मान खाली घालून दात कोरत होते. आणि तिलाच मी घरी भांडी आपटून विचारलं, की तुम्ही बोलत का नाही.

माझ्या नोटिशीचं पुढे काही झालं नाही. मेणाचे दात कोरणार कोण? दाराची गोणी अजून तिथेच आहे. आम्ही सगळ्याजणी, मोठे डॉक्टर आणि कुरिअरवाला तिच्यावरून ये-जा करतो. पाहुणे आले की जावईबापू त्यांना ते यंत्र दाखवतात, चिकटपट्टीवर हात ठेवून.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी वाटेत ताईशी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. शब्द जुळेनात. तीही नेहमीसारखीच चालत होती, पिशवीतून काठीचं टोक बाहेर आलेलं. घरी पोचल्यावर तिने हातपाय धुतले, काठीचं रबर ओढून काढलं आणि सासूबाईंच्या काठीला दाबून बसवलं. सासूबाईंनी दोन पावलं टाकून बघितली. आवाज नाही, घसरणं नाही.

"अगंबाई, कुठे सापडलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिने झाडताना काढलं, कपाटाखालून."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "नीट झाडलं की सापडतं."